परीक्षा उंदराची की मोटारीची?

मुंबईच्या आयआयटीतील 'टेकफेस्ट'मध्ये मायक्रोमाउसच्या स्पर्धा झाल्या आहेत. १६ × १६ चौकोनांच्या चक्रव्यूहात यंत्र-उंदराने स्वतः वाट शोधून मध्य गाठायचा. निकाल लागतो तो सेकंदांवर.

न्यूयॉर्कच्या १९७९ च्या स्पर्धेत बाहेर पडण्याचे दार कडेला होते. तेथे नुसता भिंतीला धरून धावणारा, काहीही लक्षात न ठेवणारा उंदीर 'हुशार' उंदरांना भारी पडला. पुढे लक्ष्य मध्यभागी नेले. त्याभोवतीच्या भिंती बाहेरच्या भिंतीपासून सुट्या ठेवल्या, की भिंत धरून चालणारा तेथे पोचतच नाही. नियम बदलला, तेव्हा विचार करणे भाग पडले.

आजची उणीव वेगळी आहे. तयार प्रोग्रॅम घेतला, महाग मोटारी लावल्या, की वेळ सुधारते. विद्यार्थ्याला काय कळले, हे घड्याळ सांगत नाही.

मूळ युक्ती तर खडूने शिकवता येते. चितेगावच्या एखाद्या वर्गातही फरशीवर चौकोन आखा. मधल्या चौकोनाला ०, शेजारच्यांना १, त्यापुढे २ असे आकडे द्या. मुलाने लहान आकड्याकडे सरकावे. भिंत आढळली की आकडे नव्याने मांडावेत.

स्पर्धेतही धावण्याआधी प्रत्येक संघाकडून एवढे कागदावर करून घ्यावे आणि त्याला गुण द्यावेत.