शिंबीधान्यांची संस्कृत नामे आणि त्यांचा आयुर्वेदीय उपयोग : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

आयुर्वेदीय निघंटूंमध्ये एका द्रव्यास अनेक पर्यायनामे देण्याची परंपरा आहे. काही नामे रूपावरून, काही गुणावरून, तर काही उत्पत्तिस्थानावरून पडलेली आहेत. त्यामुळे पर्यायनाम हे केवळ शब्दवैभव नसून द्रव्यपरिचयाचे साधन होय, असे प्रतिपादन केले जाते. ते बव्हंशी योग्य आहे. तथापि कडधान्यांच्या बाबतीत हे प्रतिपादन तपासून पाहिले असता असे दिसते की, नाम हा द्रव्यनिश्चितीचा आरंभ आहे, पुरावा नव्हे. निव्वळ नामसाम्यावर विसंबून गुणधर्म सांगितले गेले तर ती चूक शब्दकोशापुरती राहत नाही. ती पथ्यापथ्यापर्यंत पोहोचते.

वर्गनामांचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात आहारद्रव्यांचे १२ वर्ग सांगितले असून त्यांपैकी दुसरा शमीधान्यवर्ग होय. ‘शमी’ म्हणजे शेंग. दाण्याची दोन दले होतात म्हणून याच धान्यांना ‘वैदल’ असेही म्हटले जाते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात भावमिश्रांनी धान्यांचे पाच प्रकार कल्पून त्यांत शिंबीधान्यास स्वतंत्र स्थान दिले. ही नामे शेंग व दल यांवर आधारलेली असली, तरी आधुनिक वनस्पतिशास्त्रातील कुलाशी ती तंतोतंत जुळत नाहीत. चरकाच्या शमीधान्यवर्गात तिळाचाही समावेश आहे, हे त्याचे बोलके उदाहरण. हा वर्ग वनस्पतीच्या कुलापेक्षा आहारातील उपयोगाच्या अंगाने केलेला आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

स्थिर नामे

मुद्ग (मूग), माष (उडीद), कुलत्थ (कुळीथ, हुलगा) व मसूर या नामांबाबत फारसा वाद नाही. चरकाने शमीधान्यांत मूग सर्वाधिक पथ्यकर, तर उडीद सर्वाधिक अपथ्यकर मानला आहे. परंतु त्याच संहितेत उडीद स्निग्ध, बलकारक, वातनाशक व वृष्यही सांगितला आहे. म्हणजे येथे ‘अपथ्य’ हा शब्द द्रव्याचा सरसकट निषेध करीत नाही; नित्य सेवन व विशिष्ट अवस्थेतील उपयोग यांतील भेद तो सूचित करतो. कुळीथ उष्ण असून श्वास, कास व उचकी यांत हितकर मानला गेला. भावप्रकाशात त्यास अश्मरीवरही उपयुक्त म्हटले आहे. या द्रव्यांच्या बाबतीत संस्कृत नाम, गुणपाठ आणि मराठी व्यवहारातील नाम परस्परांस पुष्टी देतात.

संदिग्ध नामे

मटकीचे संस्कृत नाम ‘मकुष्ठ’. भावप्रकाशात तिचा पर्याय ‘वनमुद्ग’ असा येतो. त्याचे शब्दशः मराठी रूप ‘रानमूग’ होईल. परंतु मराठीत रानमूग हे नाम मुद्गपर्णीस दिले जाते. मुद्गपर्णी ही चरकाने जीवनीय गणात घेतलेली औषधी वनस्पती असून मटकीहून भिन्न आहे. ‘तुवरी’ या शब्दाची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. आहारप्रकरणी तुवरी म्हणजे आढकी, अर्थात तूर. रसशास्त्रात मात्र तुवरी हे सौराष्ट्री नामक खनिज द्रव्याचे नाम आहे. ‘तुवर’ म्हणजे तुरट रस. मराठीतील तूर, तुरट व तुरटी हे शब्द शेजारी ठेवले असता या गोंधळाचे मूळ उमगते. ‘राजमाष’ म्हणजे चवळी. चरकाने ती रुचकर, सारक, रूक्ष व वातवर्धक सांगितली आहे. ध्वनिसाम्यामुळे राजमाष म्हणजे राजमा असे समजण्याचा मोह होतो. परंतु राजमा मूळचा अमेरिका खंडातील असून १४९२ नंतरच्या सागरी संपर्कापूर्वी तो भारतात येणे संभवत नाही. चवळीचे गुण राजम्यास लावणे म्हणूनच निराधार ठरते.

कलाय : एक कसोटी

नामविचाराचे खरे महत्त्व ‘कलाय’ या शब्दात दिसते. अमरकोशात व भावप्रकाशात कलायाचे पर्याय वाटाण्याकडे निर्देश करतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मात्र ‘कलायखंज’ नावाचा वातव्याधी वर्णिला आहे : रुग्ण चालू लागताच कापतो, लंगडत चालतो, त्याचे संधिबंध शिथिल होतात. त्या लक्षणश्लोकात धान्यसेवनाचे कारण सांगितलेले नाही. ते केवळ रोगनामात सूचित आहे. उलट भावप्रकाशात ‘त्रिपुट’ म्हणजे लाख हे धान्य लंगडेपणा व पांगळेपणा आणणारे असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. हे तीन आधार एकत्र वाचले तरच रोगनामातील कलाय हा वाटाणा नसून लाख असावा, हा तर्क बळावतो. एकाच आधारावर विसंबणारा वाचक एकतर निरुपद्रवी वाटाण्यास दोष देईल किंवा लाखेचा धोका नजरेआड करील.

हा प्रश्न विदर्भासारख्या लाखोळी पिकवणाऱ्या प्रदेशास परका नाही. लाखेच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी घालण्यात आली. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्या दाण्यातील मज्जातंतूंस घातक असे ‘ओडॅप’ हे द्रव्य वेगळे केले. तथापि यावरून प्राचीनांना हे विषद्रव्य ज्ञात होते, असा निष्कर्ष काढणे अतिव्याप्तीचे होईल. त्यांना ज्ञात होता तो आहार व व्याधी यांतील संबंध. आणि निरीक्षणाचे हे श्रेय स्वतःच पुरेसे मोठे आहे.

निष्कर्ष

शिंबीधान्यांची संस्कृत नामे हा मोलाचा ज्ञानसंचय आहे; परंतु पर्यायनाम, गुणपाठ, रोगाधिकार, प्रादेशिक नाम व वनस्पतिशास्त्रीय ओळख या पाचही कसोट्यांवर उतरल्याखेरीज कोणत्याही नामावर उपचाराचा भार टाकता येत नाही. संस्कृत, आयुर्वेद व वनस्पतिशास्त्र हे विषय महाविद्यालयीन स्तरावर स्वतंत्रपणे शिकविले जातात. कलायासारखा एक शब्दही या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून वाचावा लागतो, यातच आंतरविद्याशाखीय अध्ययनाची निकड स्पष्ट होते.