लामन आणि लेमुएल : निवेदकाच्या सावलीतील दोन भाऊ

'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथाकडे वाङ्मयसमीक्षेने दीर्घकाळ पाठ फिरवली, याची कारणे समजण्यासारखी आहेत. जोसेफ स्मिथने 1830 साली न्यू यॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे तो छापून घेतला. प्राचीन सुवर्णपत्रांवरील लेखाचा आपण दैवी साहाय्याने अनुवाद केला, असे त्याचे सांगणे होते. साहजिकच पुढची चर्चा ग्रंथ खरा की बनावट याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. श्रद्धावंत आणि खंडनकर्ते या दोघांनाही तो कोठून आला याचीच चिंता होती. तो कसा सांगितला गेला आहे, हे पाहण्यास सवड थोड्यांनाच मिळाली. ग्रँट हार्डी यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवून ग्रंथातील निवेदकांकडे लक्ष वेधले. येथेही तो प्रश्न बाजूलाच ठेवला आहे. विचार करावयाचा आहे तो पहिल्याच कथेतील दोन थोरल्या भावांचा.

कथा थोडक्यात अशी. इ. स. पू. 600 च्या सुमारास, सिद्कीयाच्या कारकिर्दीत, लेही नावाच्या यरुशलेममधील सधन गृहस्थाला नगराच्या विनाशाचा दृष्टान्त होतो. घरदार, सोनेनाणे मागे टाकून तो पत्नी सरिया आणि लामन, लेमुएल, सॅम व नेफी या चार मुलांसह अरण्याची वाट धरतो. थोरले दोघे कुरकुरत जातात, धाकटा नेफी श्रद्धेने जातो. आठ वर्षांचा वनवास, मग जहाज, मग नवी भूमी. लेहीच्या मृत्यूनंतर कुळ फुटते आणि नेफीवंशीय व लामनवंशीय यांचे सुमारे हजार वर्षांचे वैर सुरू होते. धाकट्याने थोरल्यांवर वरचढ होणे ही 'उत्पत्ती'च्या वाचकाला परिचित अशी आकृती आहे. याकोब आणि एसाव, योसेफ आणि त्याचे भाऊ यांची छाया येथे उघड दिसते. मात्र योसेफाची कथा योसेफ सांगत नाही. ही कथा नेफी स्वतः सांगतो, आणि सारा फरक तेथेच पडतो.

नेफी केव्हा लिहितो? यरुशलेम सोडून तीस वर्षे लोटल्यावर. म्हणजे भावांपासून तो विभक्त झाल्यावर, त्याचे लोक त्याला राजा मानू इच्छितात त्या काळात. अरण्यातील प्रत्येक भांडणाचा शेवट त्याला आधीच ठाऊक आहे. बापाने नदीला लामनचे आणि दरीला लेमुएलचे नाव दिले: एकाने नदीसारखे सदाचाराच्या उगमाकडे अखंड वाहावे, दुसऱ्याने दरीसारखे अढळ राहावे, ही बापाची इच्छा. नेफी लगेच पुस्ती जोडतो की, ही मुले ताठ मानेची होती म्हणून वडील असे बोलले. आशीर्वादासारखे वाटणारे वाक्य त्या पुस्तीने दोषारोपाच्या रांगेत जाऊन बसते.

दोन्ही भावांची व्यक्तिरेखा उभी राहू दिलेली नाही, हेही ध्यानात घ्यावे. त्यांचा उल्लेख बहुधा जोडीने येतो. लामन एकटा क्वचित तरी बोलतो. लेमुएलच्या वाट्याला स्वतंत्र असे एकही भाषण नाही. लामन रागावला आणि त्याचे ऐकून लेमुएलही रागावला, एवढीच त्याची ओळख. महाभारताच्या वाचकाला दुर्योधनाची बाजू दुर्योधनाच्या तोंडून ऐकण्याची सवय असते. त्याला हे दारिद्र्य विशेष जाणवेल.

तथापि नेफी हा सर्वस्वी सावध निवेदक नाही, किंवा फार प्रामाणिक आहे. दोन्हींचा परिणाम एकच. जहाज बांधण्याच्या प्रसंगी तो भावांचे बरेच मोठे गाऱ्हाणे नोंदवून ठेवतो. ते म्हणतात की, आमच्या बायका गरोदरपणी राबल्या, त्यांनी रानात मुलांना जन्म दिला, मरण सोडून सारे भोगले. यापेक्षा त्या निघण्यापूर्वीच मेल्या असत्या तर बरे झाले असते. यरुशलेमचे लोक मोशेचे नियमशास्त्र पाळत होते, मग वडिलांनी त्यांना दुष्ट का ठरवावे? याच अध्यायाच्या आरंभी नेफी मात्र सांगतो की, कच्चे मांस खाऊनही स्त्रिया पुरुषांसारख्या बळकट झाल्या आणि कुरकुर न करता प्रवास सोसू लागल्या. एकाच अध्यायात त्याच स्त्रियांविषयी या दोन साक्षी आहेत. स्त्रियांना कोणीच विचारलेले नाही.

याहून मार्मिक प्रसंग लेहीच्या दृष्टान्तानंतरचा. भावांना बापाचे बोलणे उमगत नाही. तुम्ही परमेश्वराला विचारले काय, असे नेफी विचारतो. परमेश्वर आम्हांला असे काही कळवीत नाही, असे ते उत्तरतात. नेफी यात हृदयाची कठोरता पाहतो. पण हे उत्तर बंडखोराचे आहे की वगळल्या गेलेल्या माणसाचे? निवेदक प्रश्न मिटवतो. संहिता तो मिटू देत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. या भावांना निर्दोष ठरवण्याचा मोह अलीकडच्या वाचनांत दिसतो. मला तो पटत नाही. त्यांनी नेफीला काठीने मारले, श्वापदांनी खावे म्हणून बांधून ठेवले, बापासह त्याला ठार मारण्याचा बेत केला. नेफीच्या सांगण्यातून एवढे वजा केले तर कथाच उरत नाही. प्रश्न अपराध घडला की नाही हा नसून, त्याचे कारण सांगण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हा आहे.

आणि हा अधिकार ग्रंथात पुढे खरोखरच वादग्रस्त ठरतो. 'मोझाया'च्या दहाव्या अध्यायात झेनिफ हा नेफीवंशीय राजा शत्रूंची परंपरा सांगतो: आपल्या पूर्वजांवर अरण्यात, समुद्रात आणि नव्या भूमीत अन्याय झाला, राज्याधिकार हिरावला गेला, पितळी पत्रे चोरली गेली, असे लामनवंशीय मुलांना शिकवतात. झेनिफ हे खोडून काढण्यासाठी सांगतो, पण त्यामुळे ते टिकते. 'आल्मा'च्या चोपन्नाव्या अध्यायात अम्मोरन हा लामनवंशीयांचा राजा सेनापती मोरोनीला पत्र लिहितो आणि हेच गाऱ्हाणे युद्धाचे कारण म्हणून मांडतो. अम्मोरन जन्माने लामनवंशीय नाही. तो झोरमचा वंशज. झोरम म्हणजे लाबानचा सेवक. नेफीने मद्यधुंद लाबानचा शिरच्छेद केला, त्याची वस्त्रे चढवली, त्याचा आवाज काढून झोरमला पत्रांसह नगराबाहेर नेले. सत्य कळताच झोरम पळू लागला तेव्हा धिप्पाड नेफीने त्याला धरून ठेवले आणि तू स्वतंत्र राहशील अशी शपथ दिली. नेफीच्या कथनात झोरम धीर धरतो आणि राजीखुशीने सोबत येतो. अम्मोरनच्या पत्रात तुमच्या पूर्वजांनी त्याला जबरदस्तीने आणलेले असते. घटना तीच, पाच शतकांनी तिचे क्रियापद बदलले आहे.

लेखनक्रमाची बाबही येथे महत्त्वाची ठरते. 1828 मध्ये हस्तलिखिताची पहिली 116 पाने हरवली. त्यानंतर स्मिथने आरंभापासून न सांगता 'मोझाया'च्या आसपासून पुढे मजकूर सांगितला आणि नेफीचे ग्रंथ 1829 मध्ये शेवटी उतरवून घेतले गेले, असे श्रद्धावंत अभ्यासकांसह बहुतेकांचे मत आहे. म्हणजे आज उपलब्ध असलेल्या शब्दरूपात भावांचे गाऱ्हाणे आधी आले आणि नेफीची साक्ष नंतर. छापील क्रमात जे आरोपपत्र वाटते ते सांगण्याच्या क्रमात बचावाचे निवेदन ठरते. राज्याधिकार, चोरी, अरण्य, समुद्र असा गाऱ्हाण्यातील एकेक मुद्दा घेऊन नेफीचे प्रसंग वाचून पाहावेत. उत्तरांचा हिशेब जवळजवळ पुरा लागतो.

हा वाद कागदावरच राहिला असता तर त्याचे एवढे अप्रूप वाटले नसते. ग्रंथात लामनवंशीयांवर काळ्या कातडीचा शाप येतो, आणि वाचकांनी अमेरिकेतील आदिवासी म्हणजेच ते लोक, असे मानले. 1830 च्या मे महिन्यात आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत 'लामनवंशीयां'कडे पहिले धर्मप्रचारक निघाले. 1981 च्या आवृत्तीची प्रस्तावना लामनवंशीयांना अमेरिकन इंडियनांचे प्रमुख पूर्वज म्हणत होती. 2006 च्या एका आवृत्तीत ते पूर्वजांपैकी एक झाले. आपण लामनची मुले आहोत, हे कित्येक पिढ्यांना नेफीच्या शब्दांत शिकावे लागले. जॅरेड हिकमन यांनी 2014 मध्ये असे प्रतिपादन केले की, ग्रंथ निवेदकांच्या वंशद्वेषाला आतूनच सुरुंग लावतो. हे मत मला थोडे अधिक आशावादी वाटते, पण त्याला आधार आहे.

'तिसऱ्या नेफी'तील तेविसावा अध्याय पाहावा. पुनरुत्थित ख्रिस्त नव्या भूमीवर येऊन नेफीवंशीयांच्या नोंदी मागवतो आणि चाळतो. सॅम्युएल या लामनवंशीय संदेष्ट्याने केलेले एक भाकीत खरे ठरले होते. ते यात का लिहिलेले नाही, असे तो विचारतो. नोंदी राखणाऱ्याला, त्याचेही नाव नेफीच, आठवते की ते लिहावयाचे राहून गेले. मग ते लिहिले जाते.