गोल फिरणारी गाडी आणि मूर्तिजापूरचा हमाल

लेगो ब्लॉक्सच्या रेल्वे लेआउटचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलेच असतील. हॉलभर लावलेली टेबलं, त्यावर डोंगर, पूल, कारखाने, बाजार, आणि या सगळ्यातून न थांबता फिरणारी गाडी. खाली कमेंट्समध्ये बहुतेकांना एकच गोष्ट विचारायची असते: किती ब्लॉक लागले? प्रश्नात वावगं काही नाही. पण सिनेमाबद्दल फक्त ‘बजेट किती होतं’ एवढंच विचारावं तसा तो आहे. त्यातून मेहनत कळते, कलाकृती कळत नाही.

असा लेआउट नीट बघायचा तर मला दोन प्रश्न जास्त उपयोगाचे वाटतात. हे तुकडे एकमेकांना कोणत्या नियमाने जोडले आहेत? आणि त्या नियमात न बसल्यामुळे काय बाहेर राहिलं आहे?

आधी नियम. प्रदर्शनातला मोठा लेआउट सहसा एकट्याचा नसतो. प्रत्येक जण आपापल्या घरी एक-दोन तुकडे बांधतो, खोक्यात घालून हॉलवर आणतो आणि तिथे सगळे मिळून ते जोडतात. या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. ब्लॉकच्या पाठीवरच्या गोल उंचवट्याला म्हणतात स्टड, आणि दोन स्टडमधलं अंतर असतं ८ मिलिमीटर. मॉड्यूलचा नेहमीचा पाया ३२ बाय ३२ स्टडचा, म्हणजे २५.६ सेंटिमीटरचा चौरस. त्याच्या कडेला भोकं असलेले ब्लॉक ठरलेल्या जागी बसवायचे, म्हणजे शेजारच्याचं मॉड्यूल पिनांनी जोडता येतं. पायाची उंची ठरलेली, आणि रूळ कडेपासून किती स्टडवर यायचा तेही ठरलेलं. सरळ रुळाचा एक तुकडा १६ स्टड लांब असतो. त्यामुळे एका पायावर असे दोन तुकडे बरोबर बसतात आणि तिसरा पुढच्या माणसाच्या मॉड्यूलवर सुरू होतो.

नियम इथेच संपतो. आत तुम्ही जत्रा भरवा, साखर कारखाना उभारा किंवा नुसतं माळरान ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही इंटरफेस म्हणतो: कडेला काय मिळेल ते पक्कं सांगायचं आणि आतल्या कारभारात कोणी नाक खुपसायचं नाही. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं यामुळे एकच गाव बांधू शकतात.

लेगो कंपनीने हा शब्द ब्लॉकच्या बाबतीत फार चांगला पाळला. १९५८ साली पेटंट घेतलेल्या रचनेचा ब्लॉक आजच्या ब्लॉकवर घट्ट बसतो. गाड्यांच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. १९६६ साली साडेचार व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी गाडी आली, मग १२ व्होल्टची, १९९१ साली ९ व्होल्टची. या शेवटच्या प्रकारात रुळांवर धातूची पट्टी होती आणि वीज रुळातूनच इंजिनाला मिळायची. पुढे कंपनीने तो प्रकार बंद करून पुन्हा बॅटरी गाडीत टाकली आणि रूळ नुसते प्लास्टिकचे केले. त्यामुळे जुन्या हौशी मंडळींच्या लेआउटवर धातूचे आणि प्लास्टिकचे रूळ एकाला एक लागलेले दिसतात. आकार जुळतो, वीज जुळत नाही. जुनी गाडी नव्या रुळावर जाऊन गप्प उभी राहते.

मराठी वाचकाला छोटी रेल्वे म्हटलं की पुण्याचं कोथरूड आठवतं. भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी तिथे सुरू झालं. ते ब्लॉक्सचं नाही. तिथला रूळ एचओ प्रकारचा, १६.५ मिलिमीटर रुंद. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. सुट्टीत शाळेची मुलं रांगा लावून तो खेळ बघतात. त्या शहरावर एकाच डोक्याची छाप आहे. गाड्या कुठे भेटणार, कुठे एकमेकींना ओलांडणार, नजर कुठून कुठे जाणार, हे एका माणसाने वर्षानुवर्षं विचार करून ठरवलेलं आहे. ती एकाची कादंबरी म्हटली तर मॉड्यूलर लेआउट हा दिवाळी अंक आहे. पानाचा आकार सगळ्यांना सारखा, पण शेजारच्या पानावर काय आहे हे लेखकाला अंक हातात पडल्यावरच कळतं. दिवाळी अंकासारखंच त्यात एखादं पान भन्नाट निघतं आणि चार पानं भरतीची असतात. ती जोखीम या प्रकाराला धरूनच येते आणि मला ती आवडते.

माझी तक्रार वेगळी आहे. आत काहीही बांधायची मुभा असूनही बहुतेक लेआउट एकमेकांसारखे का दिसतात? उतरत्या छपरांची युरोपातली घरं, कोपऱ्यावर बेकरी, मधे कारंजं. थोडा दोष बाजाराचा आहे: खिडक्या, दारं, कौलं जशी मिळतात तशी घरं होतात. पण मोठं कारण प्रदर्शनाच्या सवयीत आहे. प्रेक्षक येतो, दोन मिनिटं थांबतो, पुढे जातो. त्या दोन मिनिटांत त्याला गाडी हललेली दिसलीच पाहिजे. म्हणून रूळ गोल करायचा आणि गाडी सोडून द्यायची.

या गोलाचा हिशोब गमतीचा आहे. कंपनीचे १६ वळणदार तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होतं आणि त्याची त्रिज्या येते ४० स्टड, म्हणजे ३२ सेंटिमीटर. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर साधारण ३८ मिलिमीटर, म्हणजे प्रमाण एकास चव्वेचाळीस. त्या प्रमाणात ३२ सेंटिमीटरचं वळण खऱ्या जगात १४ मीटर त्रिज्येचं होईल. आपल्या रेल्वेच्या नियमात ब्रॉडगेजचं सर्वांत तीव्र वळण १७५ मीटरचं असतं आणि अडीच फुटी नॅरोगेजचंही ४४ मीटरचं. थोडक्यात, टेबलावर ज्या वळणावरून एक्स्प्रेस झोकात जाते तिथे आपली कुठलीच गाडी वळणार नाही.

हे मी माफ करतो. छोट्या जगात कुठेतरी फसवावं लागतंच, टेबल काही आठ मीटर रुंद करता येत नाही. पण गोलाने दुसरी एक गोष्ट होते आणि ती सहज माफ करण्यासारखी नाही. गोलावर कुठलंच स्टेशन शेवटचं नसतं. गाडी कुठे पोचत नाही, कोणाची वाट बघत नाही, इंजिन काढून उलट्या बाजूला लावावं लागत नाही. फिरणं तेवढं दिसतं, प्रवास दिसत नाही. ब्रिटनमधल्या रेल्वे-हौशींच्या प्रदर्शनांत वेगळी पद्धत आहे. एका टोकाला नीट बांधलेलं शेवटचं स्टेशन, दुसऱ्या टोकाला पडद्याआड गाड्यांचा राखीव साठा, आणि तिथे उभा राहून एक माणूस हाताने गाड्या बदलून पाठवतो. मधे मधे रूळ रिकामा असतो आणि प्रेक्षक थांबतात. म्हणजे थांबवता येतात.

आता आपल्याकडची शकुंतला घेऊ. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला ११३ किलोमीटर, दुसरा अचलपूरला ७६ किलोमीटर. रुळांची रुंदी अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या कारभारात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन टाकली गेली, ती कापसासाठी. देशभरच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी हिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत तिला ओढत होतं, मग डिझेल आलं. आता दोन्ही फाटे बंद आहेत. त्याच वाशिम जिल्ह्यात दुसऱ्या बाजूने अकोला–पूर्णा मीटरगेज जायची, तिचं रुंदीकरण २००८ साली झालं. कारंज्याला नॅरो, वाशिमला मीटर, जरा उत्तरेला मूर्तिजापूरला ब्रॉड. एका टापूत तीन रुंद्या.

तीन रुंद्या म्हणजे तीन इंटरफेस, आणि एकही दुसऱ्याशी न जुळणारा. यवतमाळहून निघालेला कापसाचा डबा मुंबईला जाऊच शकत नव्हता, कारण मूर्तिजापूरला त्याचा रूळ संपायचा. तिथे एका गाडीतून गाठी उतरवायच्या आणि मुंबईकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीत चढवायच्या. कोणी? हमालांनी, पाठीवरून. प्रवाशांचंही तेच: ट्रंका, पोती, लेकरं घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर. दोन सिस्टिम्स जुळत नाहीत तिथे मधे एक माणूस उभा करावा लागतो, हे माझ्या क्षेत्रात रोज दिसतं. एका पोर्टलवरची माहिती बघून दुसऱ्या पोर्टलवर टाइप करणारा कारकून आणि मूर्तिजापूरचा हमाल एकच काम करतात.

मॉड्यूलर लेआउटने नेमका हाच माणूस खोडून टाकला आहे. सगळ्या कडा जुळतात, सगळे रूळ एकाच रुंदीचे, म्हणून उतरवा-चढवायला कोणी लागतच नाही. बघायला ते सुंदर दिसतं. पण आपल्याकडची रेल्वे अशी नव्हती. रुंदी हा इथे केवळ तांत्रिक आकडा नव्हता. कुठल्या मुलखासाठी किती खर्च करायचा याचा निर्णय त्यात होता. मुख्य लाइनला रुंद रूळ, आतल्या कापूस-मुलखाला स्वस्तातला अरुंद.

मग मूर्तिजापूरचं मॉड्यूल बांधता येईल का? येईल, आणि मापं आपल्या बाजूने आहेत. एकास चव्वेचाळीसने ७६२ मिलिमीटरचे होतात साधारण १७, म्हणजे दोन स्टडपेक्षा किंचित जास्त. मीटरगेजचे होतात २३, म्हणजे जवळजवळ तीन स्टड. आणि १७ मिलिमीटरच्या अगदी जवळचा तयार रूळ जगात कुठल्याही रेल्वे-हौशीच्या दुकानात मिळतो, तो म्हणजे १६.५चा एचओ. अमेरिकेत अडीच फुटी गाड्यांची मोठ्या प्रमाणातली मॉडेल्स करणारे लोक हीच युक्ती वापरतात. कोथरूडच्या छोट्या शहरात जो रूळ मोठ्या गाड्यांचा आहे, तोच ब्लॉक्सच्या मूर्तिजापुरात ठेवला की शकुंतलेचा होतो.

लेगोतले सोवळे लोक म्हणतील, बाहेरचा रूळ चालणार नाही. मला तो आक्षेप उलट कामाचा वाटतो. नॅरोगेजचा रूळ दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या धातूचा, डोळ्यांना खटकणारा असेल तर खटकू दे. मूर्तिजापूरला तो खटकायचाच. अट एकच: मधल्या फलाटावर गाठींचा ढीग असावा आणि तो हलवणारी माणसं असावीत. गाडी येऊन उभी राहावी आणि लेआउट चालवणाऱ्याने हाताने एकेक गाठ इकडून तिकडे ठेवावी. प्रेक्षकाला वाट बघावी लागेल. बघू दे.

यात एक धोका आहे. शकुंतला म्हटलं की लगेच गळा दाटून येतो. गोड नाव, हळू चाल, गार्डनेच तिकीट देणं, ‘आमच्या लहानपणी’. बंद पडलेल्या गोष्टीचं सुबक खेळणं करणं सोपं असतं. पण ती गाडी इथल्या माणसांच्या सोयीसाठी आधी आली नव्हती, इथला कापूस बाहेर नेण्यासाठी आली होती. लोकांनी नंतर तिला आपलंसं केलं, ही लोकांची करामत. चांगल्या लेआउटमध्ये दोन्ही दिसायला हवं: डब्यातून डोकावणारी पोरं आणि फलाटावरच्या गाठी. नुसती पोरं दाखवली तर ते कॅलेंडरवरचं चित्र होईल.

तीन रुंद्यांचा प्रश्न असा सुटू शकतो. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तो आसेगावचा आहे. वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावला रेल्वे नाही, तशी ती जिल्ह्यातल्या बहुतेक गावांना नाही. मॉड्यूलचा पहिला नियम असा की रूळ एका कडेने आत आला पाहिजे आणि दुसऱ्या कडेने बाहेर गेला पाहिजे. या नियमाने आसेगावचं मॉड्यूल होऊच शकत नाही. ज्या गावातून गाडी जात नाही ते गाव टेबलावर नाही. आणि रेल्वेचा अनुभव काय फक्त रुळालगतच्या लोकांना असतो? स्टेशन गाठायला पहाटे निघणं, काळीपिवळी भरेपर्यंत ताटकळणं, गाडी चुकली तर नातेवाइकाकडे मुक्काम, हा सगळा रेल्वेचाच भाग आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या वाट्याला तेवढाच भाग आलेला आहे.

नागपूर-वर्ध्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुलं आपापले लाकडी बैल सजवून आणतात. कोणाचा हातभर, कोणाचा मुठीएवढा, कोणाचा चाकांवरचा, कोणाचा एक शिंग मोडलेला. सगळे एका तोरणाखाली उभे राहतात. तिथेही स्पर्धा असते, बक्षिसं असतात, पण बैलाच्या चाकांमधलं अंतर कोणी मोजत नाही. तोरण हाही एक नियमच आहे, फक्त तो आत घेणारा आहे.

लेआउटच्या नियमात म्हणून एक ओळ वाढवावी असं मला वाटतं: रूळ नसलेलं मॉड्यूलही चालेल, त्याच्या एका कडेला रस्ता असला की पुरे. रूळवाल्या मॉड्यूलच्या मागे ते जोडायचं. कोणी ते प्रत्यक्ष बांधेल, कोणाकडे तेवढे ब्लॉक नसतील तर तो स्टुडिओसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बांधेल. त्यावर सोयाबीनचं शेत असेल, लिंबाखाली थांबा असेल, पिशवी घेऊन उभी असलेली दोन माणसं असतील, आणि रस्ता शेजारच्या मॉड्यूलवर जाऊन स्टेशनाला लागेल. पुढच्या वेळी लेआउटचा व्हिडिओ समोर आला तर गाडी जाऊ द्या आणि टेबलाच्या मागच्या बाजूला असा एखादा रस्ता येतोय का ते बघा.