अ‍ॅटोसेकंद स्पंद आणि ‘कॅमेऱ्या’ची उपमा

२०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक पिएर आगोस्तिनी, फेरेन्स क्राउझ व अ‍ॅन लुइलिए यांना विभागून मिळाले. या विषयावरील लोकप्रिय लेखनात ‘इलेक्ट्रॉन टिपणारा कॅमेरा’ ही उपमा वारंवार आढळते. उपमा आकर्षक आहे. परंतु ती विषयाच्या गाभ्यालाच बगल देते.

या प्रयोगांत इलेक्ट्रॉनचे छायाचित्र निघत नाही. अ‍ॅटोसेकंद स्पंद अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, सोबतच्या अवरक्त लेसरचे क्षेत्र त्याची ऊर्जा बदलते आणि त्या बदलावरून सुटण्याची वेळ अनुमानाने ठरविली जाते. वैद्याने नाडीवरून प्रकृती ओळखावी, तसाच हा प्रकार होय. नाडी चुकीची वाचली जाणेही शक्य असते.

तसे घडलेही. २०१० मध्ये क्राउझ यांच्या गटाला निऑनच्या २एस व २पी कक्षकांतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांमध्ये सुमारे २१ अ‍ॅटोसेकंदांचा विलंब आढळला. सिद्धान्त मात्र याहून बराच कमी विलंब सांगत होता. २०१७ मध्ये लुंड येथील लुइलिए यांच्या गटाने ही विसंगती उलगडली. एक इलेक्ट्रॉन सुटताना दुसराही उत्तेजित होतो, अशा प्रक्रियेचे इलेक्ट्रॉन २एसच्या संकेतात मिसळलेले असावेत. ते वेगळे करताच मापन व सिद्धान्त जुळले. ‘कॅमेरा’ म्हटल्यावर हा सारा वाद अनाकलनीय ठरतो. शिवाय प्रकाशविद्युत परिणाम शिकविताना सर्रास वापरला जाणारा ‘तत्क्षणी’ हा शब्दही येथे तपासून घ्यावा लागतो.

विश्वाच्या जन्मापासून जितके सेकंद लोटले तितकेच अ‍ॅटोसेकंद एका सेकंदात असतात, ही तुलनाही सैल आहे. १३.८ अब्ज वर्षांचे सेकंद सुमारे ४.३५ × १०^१७ भरतात. एका सेकंदातील अ‍ॅटोसेकंद १०^१८, म्हणजे दुपटीहून अधिक. कोटीचा अंदाज म्हणून ती चालेल, ‘तितकेच’ म्हणून नव्हे.

मराठी विद्यार्थ्यास अधिक जवळचे उदाहरण मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. जी. रवींद्र कुमार व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात फेम्टोसेकंद स्पंदाने घन पदार्थावर आघात केला आणि दुसऱ्या स्पंदाच्या ध्रुवीकरणातील बदलावरून तप्त इलेक्ट्रॉन-प्रवाहाने निर्माण केलेले क्षुब्ध चुंबकीय क्षेत्र मोजले. कालमान वेगळे, वाचनाची रीत तीच. तेथेही इलेक्ट्रॉन ‘दिसला’ नाही.

बोरगाव मेघेतील एखाद्या वर्गात ‘तो फोटो दाखवा’ अशी मागणी झाल्यास शिक्षकाने दाखवावा तो आलेखच: उभ्या अक्षावर इलेक्ट्रॉनची ऊर्जा, आडव्या अक्षावर दोन स्पंदांमधील विलंब.