मतदाराचे वाहन : एका परंतुकाची चिकित्सा

उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने अथवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी मतदारांना केंद्रावर विनामूल्य नेण्याआणण्यासाठी वाहन मिळविणे, हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(५) प्रमाणे भ्रष्टाचरण ठरते. हेतू स्वच्छ आहे : ज्याच्यापाशी मोटारी अधिक त्याला मते अधिक, असे होऊ नये. परंतु या उपकलमाचे पहिले परंतुक आर्णी तालुक्यासारख्या प्रदेशास लावून पाहिले असता त्यातील विसंगती उघड होते. मतदारांनी सामाईक खर्चाने केलेले वाहन यांत्रिक शक्तीवर चालणारे नसेल, तर ते भ्रष्टाचरण मानू नये, असे ते सांगते. म्हणजे एखाद्या तांड्यावरच्या किंवा कोलामांच्या पोडावरच्या दहाजणांनी वर्गणी करून बैलगाडी केली तर ती निर्दोष; त्यांनीच ट्रॅक्टर केला तर? वस्तुतः मुख्य तरतुदीचा रोख उमेदवारपक्षावर असल्याने मतदारांनी स्वखर्चाने केलेला ट्रॅक्टर तिच्या कक्षेत येऊच नये. मग बैलगाडीला निराळी सूट कशासाठी? जो संशय परंतुकाने फेडावयाचा, तो त्यानेच उत्पन्न केला आहे. सार्वजनिक वाहनाने स्वखर्चाने जाण्याची मुभा दुसऱ्या परंतुकात आहे खरी. पण जेथे एस.टी. जात नाही तेथे ती कागदावरच राहते.

याउलट खरा अपराधी सहज सुटतो. जोशभाई पटेल विरुद्ध अन्वरबेग मिर्झा या खटल्यात (नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरचा १९६९ चा खंड) वाहन मिळविणे, ते उमेदवारपक्षाने मिळविणे आणि मतदारांची विनामूल्य वाहतूक ही तिन्ही अंगे सिद्ध व्हावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. असल्या भाड्याची पावती कोण ठेवतो?

निवडणूक आयोगाचे मतदानदिवसाचे निर्बंध अनुच्छेद ३२४ वर उभे आहेत. लोकसभेसाठी कार्यकर्त्यांना विधानसभा क्षेत्रामागे एकच वाहन मिळते; २००८ च्या पुनर्रचनेने चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात गेलेल्या आर्णीसही हाच नियम. निवडणूक चालू असता अशा आदेशाविरुद्ध न्यायालयाचे दार, पोन्नुस्वामी खटल्यापासून (१९५२) अनुच्छेद ३२९(ख) चा जो अर्थ केला जातो त्यामुळे, जवळजवळ बंदच असते. निकालानंतर ४५ दिवसांत नागपूर खंडपीठापुढे याचिका करता येते. तेथे कलम १०० आडवे येते. विजयी उमेदवाराने केलेले भ्रष्टाचरण सिद्ध झाले की निवडणूक रद्द. अधिकाऱ्यांनी नियम मोडून वाहन अडविल्याची तक्रार असेल तर मात्र त्यामुळे निकालावर वस्तुतः परिणाम झाला हेही दाखवावे लागते. अडविलेल्या ट्रॅक्टरवरील मते कोणास पडली असती, हे गुप्त मतदानात कोणता साक्षीदार सांगणार?