‘राजी’चा अभिप्रेत श्रोता

२०१७ मध्ये किकस्टार्टरवरील लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा संगणकीय खेळ २०२० मध्ये पूर्णत्वास नेला. जागतिक बाजारपेठेकडे पाहावे लागणे हा अशा वेळी केवळ व्यवहार राहत नाही. तो संहितेच्या रचनेत उतरतो. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या राजीची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. वाटेतील भित्तिचित्रांपाशी पुराणकथाही उलगडून दाखविल्या जातात. इथल्या घराघरांतून ऐकूनच ठाऊक असलेल्या या कथा समजावून सांगायच्या त्या कोणाला? अभिप्रेत श्रोता उघडच दूरचा आहे. पहाडी चित्रशैलीच्या वळणाने रंगविलेली दृश्ये कोणालाच काही समजावीत बसत नाहीत, आणि निर्मात्यांची खरी महत्त्वाकांक्षा तेथेच जाणवते. निवेदनात मात्र ग्राहकाची चिंता डोकावते. ते मुळात इंग्रजीत होते. हिंदी आवाज आला तो २०२२ च्या सुधारित आवृत्तीत.