ऑलिंपियाचे मौन

हॉफमान या जर्मन कथाकाराच्या ‘डेर झांडमान’ (१८१६) या कथेचा नायक नाथानाएल हा आपली वाग्दत्त वधू क्लारा हिला विसरून ऑलिंपिया नामक कळसूत्री बाहुलीवर अनुरक्त होतो. तो फसला, असा या कथेचा अर्थ सामान्यतः लावला जातो; आणि कोप्पोलाकडून विकत घेतलेल्या दुर्बिणीतून पाहताच बाहुलीचे डोळे त्याला सजीव भासू लागतात, हा प्रसंग त्या अर्थास पुष्टीही देतो. तथापि घटनांचा क्रम ध्यानी घेतला म्हणजे हे मत अपुरे वाटू लागते. नाथानाएल आपले एक भयाण काव्य क्लारेस वाचून दाखवितो. ती ते अग्नीत टाकावयास सांगते. त्यावर तो संतापून तिलाच निर्जीव यंत्र म्हणून हिणवितो. दुर्बीण अद्याप त्याच्या हाती यावयाची आहे! जे माणूस आपले ऐकून उत्तर देते ते यंत्र, हा त्याचा निवाडा आधीच झालेला आहे. दुर्बिणीने त्याला फक्त अनुरूप पात्र मिळवून दिले.

ऑलिंपिया ‘आह’ या उद्गारापलीकडे फारसे बोलत नाही. नाथानाएल तिला तासन्‌तास आपल्या कविता वाचून दाखवितो आणि ती विणत नाही, खिडकीबाहेर पाहत नाही, कुत्र्याशी खेळत नाही, यातच त्याला तिची थोरवी दिसते. क्लारा ते काव्य ऐकताना आरंभी विणत बसली होती, याचे वाचकाने येथे स्मरण ठेवावे. फ्रॉइडने १९१९ मधील आपल्या निबंधात बाहुलीस गौण मानून डोळे गमावण्याच्या भयावर भर दिला. त्याचे विवेचन मार्मिक आहे खरे, पण त्या भराखाली ही विणकामाची सुई हरवते.

स्पाइक जोन्झच्या ‘हर’ (२०१३) या चित्रपटाशी या कथेची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु त्यातील समँथा एकाच वेळी ६४१ जणांवर प्रेम करते व अखेर निघून जाते. तिला स्वतःची इच्छा आहे. म्हणजे ती क्लारेच्याच कुळातली. आजची संभाषणयंत्रे मात्र पुष्कळदा वापरणाऱ्याच्या मनाजोगे बोलण्याकडे झुकतात. त्यांची वाक्ये सुघटित असतात, पण ती ‘आह’चाच विस्तार होत, असे मला वाटते.

प्रतिमेचा सहवास नेहमीच असा पलायनरूप असतो, असे नव्हे. ‘उत्तररामचरिता’तील राम अश्वमेधासाठी सीतेची सुवर्णप्रतिमा करवितो, हे ऐकून प्रत्यक्ष सीतेचे शल्य हलके होते. ती प्रतिमा सीतेची जागा राखून ठेवते; ती जागा घेत नाही.

हॉफमान मात्र अशी सांत्वना देत नाही. ऑलिंपियाचे रहस्य फुटल्यावर गावातील प्रेमिकांना संशय ग्रासतो. आपली प्रेयसी लाकडी नाही याची खात्री पटावी म्हणून ते तिला थोडे बेताल गावयास आणि आपण वाचीत असता विणावयास सांगू लागतात. आणि केवळ ऐकत न राहता अधूनमधून असे काही बोलावे, ज्यामागे खरोखर विचार असेल, असा आग्रहही धरतात. या आग्रहामुळे कित्येक जोड्यांचे प्रेम दृढ झाले, कित्येकांचे हळूहळू विरून गेले, एवढेच तो सांगतो.